बांधावरचा ऐन

दसऱ्याच्या सुट्टीत भाचीला घेऊन मामांकडे गेले होते. नंदगड सोडून थोडं आत गेलं की डांबर संपतं आणि तांबड्या मातीची चाकोरी लागते. तिच्या टोकाला मामांचं शेत. भाची बेळगावात बीएस्सी करते, वनस्पतीशास्त्र घेऊन. वर्षाअखेरीस तिला हर्बेरियम द्यायचं असतं. डहाळी तोडायची, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवायची, जाड कागदावर दोऱ्याचे टाके घालून बसवायची आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, कुळ, गाव, तारीख आणि सगळ्यात शेवटी ‘स्थानिक नाव’. भात पिवळं पडायला लागलं होतं. लांब जंगलाच्या कडेला किंदळ फुलून तांबूस झाले होते. बांधावरच्या ऐनाखाली बसून तिने पहिली चिठ्ठी लिहायला घेतली. मामा शेजारी उकिडवे बसले, काठी आडवी मांडीवर.

“काय लिहूलालीस बाळ?”

“झाडाचं नाव, आजोबा. टर्मिनालिया इलिप्टिका.”

मामांनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे काय गं?”

“म्हणजे ऐन.”

“ऐन तर मला बी ठाव हाय. तू घेतलीस त्या नावाचा अर्थ काय?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मी भाताकडे. “ते लॅटिन असतं, आजोबा,” ती म्हणाली, “पाठ करायचं असतं.” मामांनी मान हलवली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. हात वर करून त्यांनी एक पान तोडलं, पालथं केलं आणि देठाजवळ अंगठ्याचं नख टेकवलं. तिथे मधल्या शिरेला लागून, मोहरीएवढे दोन मणी उगवल्यासारखे चिकटले होते. “हे बघ. हे दोन मणी असले की ऐन. बाकी पानं फसवत्यात.”

मी शाळेत मराठी शिकवते. शब्द फोडून बघा, त्याच्या पोटात काय आहे ते बघा, हे किती वर्षं मुलांना सांगत आले. आणि घरातली मुलगी एक अख्खं झाड एका बंद शब्दात घालून कागदावर चिकटवत होती, ते मी शेजारी बसून बघत होते. परत येताना बसमध्ये, खानापूर ओलांडलं तरी, मामांचं ‘म्हणजे काय गं’ माझ्या कानातून गेलं नव्हतं.

वाचनालयात एक जुना लॅटिन-इंग्रजी कोश आहे. पाठीचा कणा निखळलेला, पानं कडेला तपकिरी. त्या आठवड्यात शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची आणि भाचीच्या यादीतली नावं एकेक करून शोधायची. ऐनापासूनच सुरुवात केली. तर त्या एका झाडाला तीन नावं निघाली, आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी दिलेली. इलिप्टिका, कारण पानाची आकृती लंबवर्तुळ. टोमेंटोजा, कारण पानावर लव. टोमेंटम म्हणजे रोमन लोक उशा-गाद्यांत भरायचे ती लोकर, तो पिंजलेला भुगा. आणि क्रेन्युलाटा, कारण पानाच्या कडेला बारीक बारीक खाचा. क्रेना म्हणजे खाच, आणि तिचं लाडकं, धाकटं रूप म्हणजे क्रेन्युला, खाचुली म्हणा हवं तर. जे नाव आधी रीतसर छापलं गेलं ते मान्य, असा शास्त्राचा नियम आहे, म्हणून आज इलिप्टिका चालतं. पण मला तिघं माणसं दिसायला लागली. एकाने पान हातभर लांब धरून आकार पाहिला. एकाने त्यावरून बोट फिरवलं. एकाने ते उजेडाकडे धरून कड न्याहाळली. झाड तेच, प्रत्येकाचं बघणं वेगळं.

‘खाच’ या शब्दापाशी मी जरा जास्तच थांबले, कारण मला वडील दिसले. वडील शहापुरात एका दवाखान्यात कंपाउंडर होते. लाल मिक्श्चरची बाटली भरली की ते कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायचे, तिच्या घड्या घालायचे, आणि घडीच्या दोन्ही कोपऱ्यांवर कात्रीने चट् चट् दोन तिरके काप द्यायचे. पट्टी उलगडली की दोन्ही कडांना सारख्या अंतरावर खाचा. ती डिंकाने बाटलीला उभी चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ते बघत असे. डिंकाचा आणि औषधाचा मिळून एक वास असायचा, गोडसर, थोडा आंबूस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘टी.डी.एस.’ लिहिलेलं असायचं. तेही लॅटिनच, तेर दिए सुमेन्दुम, दिवसातून तीनदा घ्यावं. वडिलांना ते शब्द कुणी फोडून सांगितले होते की नाही, आता विचारायला ते नाहीत. पण येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला ते बाटली समोर धरून, खाचेवर बोट ठेवून सांगायचे, “सकाळी एवढं, दुपारी एवढं, निजताना एवढं.” अर्थ त्यांच्या बोटात होता. ऐनाचं पान मी आता पाहिलं की त्याच्या कडेला मला ती कागदाची पट्टी दिसते.

मग तरवड. आमच्या जिल्ह्याचा पश्चिमेचा भाग पावसात भिजलेला आणि पूर्वेचा कोरडा. सौंदत्तीकडे निघालं की हिरवं मागे पडत जातं आणि माळावर तरवडाची पिवळी झुडपं सुरू होतात. लहानपणी आईबरोबर यल्लम्माच्या डोंगराला जाताना बस थांबली की मी तीच फुलं तोडत असे. तरवडाच्या सालीने कातडं कमावतात हे मला माहीत होतं, फुलं उकळून पितात हे माहीत होतं. पन्नास वर्षं ते झुडूप ओळखते आहे असं मी मानत होते. त्याचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. ऑरिस म्हणजे कान, ऑरिक्युला म्हणजे छोटा कान, इवलासा कान असलेला तो ऑरिक्युलाटा. कोश मिटला आणि मी विचारात पडले, तरवडाला कान कुठे असतात? रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर गेले. फुलं बघितली, शेंगा चाचपल्या, पानाची एकेक दळं बघितली. कान कुठेच नाहीत. मग जिथे पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे नजर गेली. तिथे प्रत्येक देठाच्या बुडाशी, दोन बाजूंना दोन हिरव्या, गोलसर, खालच्या अंगाला दुमडलेल्या पाळ्या होत्या. वाटाण्याहून थोड्या मोठ्या. तान्ह्या बाळाच्या कानाची पाळी असते ना, मऊ, कडेला किंचित वळलेली, अगदी तशा. फांदीवर खालपासून वरपर्यंत ते कान ओळीने लागले होते. मी बराच वेळ त्या झुडपाजवळ उभी राहिले. कुणीतरी अडीचशे वर्षांपूर्वी, उत्तरेच्या थंड देशात, वाळून कागदावर चिकटवलेल्या फांदीवर हे कान पाहिले होते. आणि मी, जिच्या ओंजळीत ती फुलं असायची, त्या फांदीवर कधी एवढं निरखून बघितलंच नव्हतं.

सांगायला हवं की मला त्याचं वाईटही वाटलं.

कारण या नावांच्या मागे कोण होतं ते आपण जाणतो. बऱ्याच वेळा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, कंपनीचा सर्व्हेअर, जहाजातून गेलेली पेटी. आणि त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या गावची झाडं डोळ्यांत ठेवून पाहिलं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर आंब्या-फणसाच्या खोडांवर एक नेचा चढलेला दिसतो. बुडाशी तपकिरी, कडक, कापलेल्या कडांची पानं ढालीसारखी खोडाला बिलगलेली, आणि त्यांच्यातून हिरवी लांब पानं बाहेर पडलेली. आपण त्याला बाशिंग म्हणतो. ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल त्याने झाडाला नवरदेव केलं. कपाळावर बाशिंग बांधलेलं झाड, श्रावणसरीत उभं. लॅटिनमध्ये त्याचं नाव क्वेर्सिफोलिया, ओकच्या पानाचा. त्या खालच्या पानांच्या कडा ओकच्या पानासारख्या म्हणून. आमच्या जंगलात ओक नाही. मी आयुष्यात ओक पाहिलेला नाही, भाचीनेही नाही. तिने ते नाव पाठ केलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काहीच आलं नसणार, बाशिंगही नाही. आणि मामांनी दाखवलेले ते दोन मणी? पुस्तकात त्यांना ग्रंथी म्हणतात, इंग्रजीत ग्लँड. तो शब्द ग्लँडुलावरून आला, म्हणजे ओकचं छोटं फळ. पुन्हा ओकच! माणूस कुठेही गेला तरी आपल्या दारातलं झाड बरोबर घेऊन जातो. उंदीरकानी म्हणून एक जमिनीवर पसरणारी वेल आहे. लॅटिनमध्ये तिला रेनिफॉर्मिस म्हणत, मूत्रपिंडाच्या आकाराची. तेच पान. कुणाला उंदराचा कान आठवला, कुणाला मूत्रपिंड. मी आमच्या उंदराच्या बाजूची आहे, हे मोकळेपणाने सांगते. कान ऐकतो, हलतो, जिवंत असतो.

पण सगळं ओझं त्यांच्यावर टाकूनही चालत नाही. कोचीनच्या डच गव्हर्नराने, व्हान रीडने, मलबारच्या वनस्पतींचा जो लॅटिन ग्रंथ करवून घेतला त्याचा पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने पुढे आपल्या कामात तो आधाराला घेतला. त्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांचं निवेदन आहे, नागरी अक्षरांत. चित्रांवरही लॅटिनच्या जोडीला नागरीत नावं कोरलेली आहेत. त्या अक्षरांचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गळ्याशी आवंढा आला. डोंगर उतरलं की ज्यांची बोली, त्या आमच्या शेजारी कोंकणी माणसांनी रोज पान खुडून आणलं असेल, कुटून, हुंगून सांगितलं असेल, हे अमुक, ह्याने तमुक बरं होतं. लॅटिन नावाखाली त्यांचं बघणंही दबलेलं आहे.

आणि जांभा. आमचं आजोळचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. उन्हाळ्यात त्या भिंतीला पाठ लावली की खरखरीत गारवा पाठीला चावतो, आणि पांढरा परकर असेल तर तांबडा शिक्का उमटतो. या दगडाला जगभर लॅटेराइट म्हणतात. लाटेर म्हणजे वीट. टिपूच्या पाडावानंतर कंपनीने फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरला म्हैसूर, कॅनरा, मलबार पालथं घालायला पाठवलं, आणि त्याचं वर्णन १८०७ साली छापलं गेलं. जमिनीत असताना मऊ, कुदळीसारख्या लोखंडी हत्याराने ठोकळे पाडावेत, आणि वारा लागला की विटेसारखं टणक व्हावं, असा हा दगड त्याने मलबारात पाहिला. त्याला हे नाव त्यानेच दिलं. पण त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की तिथली माणसं त्याला ‘इट्टिका कल्लू’ म्हणतात, विटेचा दगड. कल्लू म्हणजे दगड हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे आधी गवंड्याचं नाव, मग त्याचं लॅटिन. खानापूरच्या विटांच्या भट्ट्यांवरून जाताना मला हे हटकून आठवतं: चिरा, कल्लू, लाटेर, वीट. एकाच मातीवरून तीन-चार भाषांनी हात फिरवलेला.

राहिलं टर्मिनालिया. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण सोपं वाटलं होतं. टर्मिनस म्हणजे शेवट, टोक. बऱ्याच जातींची पानं फांदीच्या टोकाला गोळा झालेली असतात म्हणून लिनियसने १७६७ साली हे नाव दिलं. देशी बदामाला ते अगदी चपखल बसतं, बेहड्याला बसतं. ऐनाची पानं तशी फांदीभर असतात. कुळातल्या भावंडांमुळे नाव त्यालाही लागलं. एवढं कळलं आणि मी कोश मिटणार, तोच खालची ओळ दिसली. टर्मिनस हा देवही होता. शिवेचा देव. दोन शेतांच्या मध्ये पुरलेला दगड म्हणजेच तो. दर वर्षी २३ फेब्रुवारीला त्याचा सण असायचा आणि सणाचं नाव टर्मिनालिया. त्या दिवशी दगडाच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी यायचे, हा इकडून हार घालायचा, तो तिकडून; दोन हार, दोन नैवेद्य, आणि मग दोन्ही घरं एकत्र बसून जेवायची. त्या देवाला डोक्यावर छप्पर चालत नसे. रोमच्या सगळ्यात मोठ्या देवळात त्याचा दगड होता, तर त्याच्यावरच्या छताला भोक ठेवलेलं. आपल्याकडे बांधावरचा म्हसोबा असतो ना, ऊनपाऊस खात, शेंदूर ओघळलेला, तसा. लिनियसच्या मनात हा सण नव्हता, त्याच्या मनात फांदीचं टोक होतं. पण मी सीमाभागात जन्मले. हा शब्द वाचल्यावर मला त्याच्याकडे नुसतं टोक म्हणून बघता येईना.

सीमा या संस्कृत शब्दाचं मराठीत झालं शीव. शीव बोलण्यातला शब्द, भाकरी बांधून शिवारात नेण्यातला, सीमा वर्तमानपत्रातला. १९५६ सालापासून आमच्या घरात सीमा हा शब्द दुखऱ्या दातासारखा वावरला आहे. आजोबा त्या आठवणी सांगताना आवाज खाली आणायचे. मी त्या दुखण्यापासून दूर नाही आणि ते सोडूनही दिलेलं नाही. माझ्या शाळेतली मुलं कमी होत चालली आहेत, आणि फळ्यावर मराठी लिहिताना हात कधीकधी जड होतो. पण मामांच्या बांधावर तो मोठा शब्द लागू पडत नाही, तिथे शीवच आहे. पलीकडचं शेत कन्नड बोलणाऱ्या घराचं. दोघांचे वडील एकमेकांच्या पेरणीला जात. एके वर्षी मोजणी झाली, दगड दोन हात इकडे सरकला असं मामांचं म्हणणं, पूर्वी तिकडूनच सरकवलेला होता असं त्यांचं. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही. दसऱ्याला आपट्याचं पान मामा गावभर वाटतात, त्या एका घरी नाही. ऐन नेमका बांधावर, म्हणून कुणाचाच नाही. कुणी तोडला नाही. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल दोन्ही बाजूंनी सारखीच उन्हात तापते. मामा त्याला ऐन म्हणतात, पलीकडे मत्ती.

भाचीचा ऐनाचा नमुना परत आला. फूल किंवा फळ नसेल तर तो घेत नाहीत. म्हणून माघ सरता सरता आम्ही पुन्हा गेलो. सकाळी मागच्या पडवीत चहा पिताना मी मामांना त्या नावाचं सगळं सांगितलं. इलिप्टिकाचं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. दगडाच्या सणाचं सांगितलं तेव्हा कप खाली ठेवला.

“नारळ कुणाच्या बाजूला फोडायचे?”

“नारळ नव्हता मामा. हार घालायचे. ज्याने त्याने आपल्या बाजूने.”

“दोन हार?”

“दोन.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. काठी घेऊन उठले आणि आमच्या पुढे शेताकडे चालायला लागले.

ऐनाची पानं बरीच गळली होती. उरलेली तांबूस, चामड्यासारखी वाजत होती. त्यांच्या मधून फळांचे घोस लोंबत होते. प्रत्येक फळाला पाच पंख, उभे, कडक, वाऱ्यात एकमेकांवर घासून बारीक खुळखुळणारे. आमच्या बाजूच्या खालच्या फांद्या सरपणासाठी उतरवलेल्या. हाताला येतील अशी फळं होती ती सगळी पलीकडे झुकलेल्या एका फांदीवर. पलीकडे ते शेजारी उसाला पाणी पाजत होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हातात फावडं. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा सरीकडे वळले.

भाची फांदीकडे बघत राहिली, मग मामांकडे.

“जा बाळ,” मामा म्हणाले. “त्यांना विचारून तोड. कन्नडात विचार.”

“काय म्हणू?”

“मत्ती म्हण. ऐन म्हटलीस तरी समजतंय त्यांना. पण मत्ती म्हण.”

ती दगडाच्या बाजूने पलीकडे उतरली. “अज्जा,” तिची हाक ऐकू आली, आणि पुढच्या बोलण्यातला मत्ती एवढाच शब्द वाऱ्याने इकडे आणला. म्हाताऱ्याने फावडं सरीत रोवलं, हात धोतराला पुसले, आणि येऊन फांदी खाली ओढून धरली. ती वही काखेत धरून फळं तोडायला लागली. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून बघत उभे होते. मग एकदम, शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “एक पान बी घे गं! मणी दिसतील असं!”

फांदी धरलेल्या हाताने थोडी सैल सोडली. म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने एक पान ओढलं, पालथं केलं, डोळ्यांजवळ नेलं, टाकून दिलं. दुसरं ओढलं.